उद्या कुठं?

माघ सरत आला की हिंगोलीच्या हवेला एक वास चढतो. उकडलेल्या हळदीचा. थोडा कडू, थोडा ओल्या पाल्याचा, थोडा धुराचा. नाकाला कळायच्या आधीच तो घशात उतरतो. नरसीच्या रस्त्यानं जा नाहीतर कळमनुरीच्या, शेताशेतांतून पांढरी वाफ उठलेली दिसते. आता कढया कमी झाल्या. ट्रॅक्टरमागं बॉयलर येतो, शिट्टी फुंकतो, तासाभरात हळद शिजवून पुढच्या शेतात जातो. काम झटपट होतं. पण वास तोच. त्याला बॉयलर आला काय अन् कढई गेली काय, कशाचाच पत्ता नाही.

परवा तो वास माझ्या हळद दळायच्या गिरणीच्या खिडकीतून आत आला, तेव्हा माझ्यासमोर अमोल उभा होता. अमोल आमच्याकडं नवा आहे, हुशार आहे, हातात नवा मोबाइल आहे. आमची चार माणसं गावोगाव हळद बघत फिरतात. ती दिवसभर काय करतात हे अमोलला कळत नाही, आणि न कळणं त्याला सहन होत नाही.

"मॅडम, सगळ्यांना रोज सकाळी एसएमएस करायला लावू. कुठं आहे, काल काय केलं. म्हणजे कसा, कंट्रोल राहतो."

मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते." तो गेला. मी मात्र खिडकीशीच राहिले, आणि त्या वासाचं बोट धरून वारंगा फाट्यावर जाऊन पोचले.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. फाट्यावर एक पेंटर शिडी लावून दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. परभणी' पुसायचा आणि 'जि. हिंगोली' लिहायचा. ओल्या रंगाचा वास आणि हळदीचा वास एकात एक मिसळलेला. मीही तशीच होते, ताज्या रंगाची. आमच्या भावकीत पहिली बी.एस्सी. पोरांतही पहिली आणि पोरींतही पहिली. याचा मला गर्व होता, आणि अजून आहे, लपवायचं काय त्यात? एका हळदीच्या पेढीनं मला सुपरवायझर म्हणून घेतलं. फाट्याजवळच्या गावात आत्याकडं राहायचं, पेढीच्या जुन्या लुनावर फिरायचं, आणि चार फिल्डमन सांभाळायचे. फिल्डमन म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून हळद नीट शिजते का, नीट वाळते का, ते बघणारा पेढीचा माणूस. चौघंही माझ्याहून मोठे. मी त्यांना काका, दादा म्हणायची. ते मला ताई म्हणायचे आणि मनातल्या मनात 'ही काय सांगणार' म्हणायचे.

हिंगोलीच्या ऑफिसात बसणाऱ्या मॅनेजरसाहेबांचा एक नियम होता. रोज सकाळी आठला चौघांनी फाट्यावर जमायचं, काल काय केलं ते मला सांगायचं, आणि मी तिथल्याच एसटीडी बूथवरून त्यांना कळवायचं. बूथ आणि चहाचं हॉटेल, दोन्ही चाचांचंच. त्यामुळं आमची मीटिंग बाकड्यावर, भज्यांच्या कढईशेजारी व्हायची.

"बोला सुधाकरदादा, काल काय झालं?"

सुधाकरदादा आमच्यातला गमत्या. घसा खाकरून, शाळेत कविता म्हणावी तसा उभा राहायचा. "काल कढई पेटवली, हळद शिजवली, उतरवली, पसरवली. सगळं बराबर हाय."

"आणि तुमचं?"

दुसरा म्हणायचा, "सुधाकर म्हनला तसंच." तिसरा नुसती मान हलवायचा. चाचा गल्ल्यावरून ओरडायचे, "हो गई मीटिंग? चलो, अब काम की बात करो, चाय किसको किसको?"

मी बूथमध्ये शिरून 'सगळं बराबर' हिंगोलीला पोचवायची. काचेच्या त्या डबीत इतकं उकडायचं की मीच शिजतेय असं वाटायचं. कधी कधी वाटायचं, हे 'बराबर' रोज एकच आहे. कालचंच आज पुसून परत वापरतो आम्ही, पाटीवरच्या जिल्ह्यासारखं.

चौथे होते परसरामकाका राठोड. डोंगराकडच्या तांड्यावरचे. पहिले काही दिवस आले, मग यायचे बंद झाले. न सांगता. साहेबांनी फोनवर विचारलं, "राठोड?" मी म्हटलं, "कामावर आहेत." साहेब म्हणाले, "मीटिंगला नाहीत म्हणजे कामावर नाहीत. मला माझी माणसं रोज दिसली पाहिजेत. या आठवड्यात सुधारले नाहीत तर नाव कमी करा."

नाव कमी करा. बोलायला किती सोपं! पण परसरामकाकांच्या तांड्याची रीत मला माहीत होती. दिवाळी झाली की निम्मा तांडा ट्रकवर चढायचा आणि ऊसतोडीला पार दुसऱ्या टोकाला जायचा, तो उन्हाळ्यात परत यायचा. नवराबायकोच्या जोडीला तिकडं 'एक कोयता' म्हणतात. माणसं नाहीतच, कोयते मोजायचे. लेकरं बरोबर जायची आणि शाळा मागं राहायची. त्या वर्षी काका पहिल्यांदाच गेले नव्हते, कारण ही नोकरी होती. आणि ही नोकरी त्यांनी धरली होती, कारण थोरली सविता दहावीला होती. परीक्षा मार्चात. नोकरी गेली असती तर ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम टपलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंग उरकून लुना काकांच्या बाजूला वळवली. ती पोचायला ऊन चांगलंच वर आलं होतं. बांधावर कढई, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर हळदीचा पाला आणि त्यावर भिजवलेली गोणपाटं दाबून बसवलेली. कडेकडेनं वाफ निसटत होती. शेतकऱ्याचा मुलगा मधेच गोणपाट उचलून आत बघायला गेला, तर काका कडाडले, "सारखं सारखं काय डोकावून राहिला रं? सासरा बसलाय का तुझा आत?"

मला बघून उठले नाहीत. जाळ सारत म्हणाले, "ताई, नाव कमी कराया आल्या न?"

"काका, तुम्ही काहून येत नाही सकाळी?"

"आठला म्या फाट्यावर उभा राहिलो तर इथं कोन उभा राहील? कढई पहाटंच्या गारव्यात चढती. तुमच्या मीटिंगसाठी थांबती व्हय ती?"

"मग तसं सांगायचं."

"कुनाला? तुमी इचारता काल काय केलं. काल जे केलं ते केलं. ते सांगाया धा मैल जायचं, धा मैल यायचं." मग माझ्याकडं न बघता, "अन् हजेरी म्या मुकादमाफुडं दिली आजवर. रोज. लई दिली. हितं तरी नको वाटली."

त्यांची बायको सोनाकाकू पाण्याची कळशी घेऊन आली होती. ती म्हणाली, "कालच मुकादमाचा मानूस येऊन गेला, ताई. म्हनला एक कोयता कमी पडून राहिला, येता का? पोरगी सांजच्याला जेवलीच न्हाई."

मला परत येताना लुनावर काही सुचत नव्हतं. सुचलं नाही की मी आजही घरी जाते. तेव्हाही रविवारी घरी गेले.

आमचं गाव नरसीपासून जवळ. मी कॉलेजला होते तेव्हा रोज एसटीनं हिंगोलीला जायची, आणि दिवेलागणीला परत आले की आबा ओट्यावर बसलेले असायचे. शाळेत न गेलेला माणूस. बीडी विझवायचे आणि विचारायचे, "उद्या कुठं?" रोज. मला राग यायचा. कॉलेजातच की, अजून कुठं जाणार? पण आबांना सगळं लागायचं. उद्या प्रॅक्टिकल आहे, उशिरा येईन. उद्या मैत्रिणीच्या घरी वही आणायला जाणार. उद्या सुट्टी. मी बडबडायची, ते 'हं' म्हणायचे आणि उठायचे.

माझी चुलत बहीण नंदा माझ्याबरोबरच कॉलेजला लागली होती. तिचे वडीलही रोज विचारायचे. पण ते विचारायचे, "आज कुठं होतीस?" पहिल्यांदा ती खरं सांगायची. मग थोडं कमी. मग तिला एकच उत्तर पाठ झालं, कॉलेजात. एका दिवशी बस चुकली, ती बाजारपेठेत थांबली, आणि खरं सांगायची सवयच सुटली होती म्हणून 'कॉलेजात' म्हणाली. कुणीतरी तिला बाजारात बघितलं होतं. नंदाचं कॉलेज तिथंच संपलं.

दोन्ही बाप काळजीचेच. दोघंही रोज विचारणारेच. पण नंदा उत्तर देताना दारात उभी असायची, आणि मी आबांशेजारी बसून बोलायची. हा फरक मला त्या रविवारपर्यंत कधी दिसला नव्हता. दिसला तरी पूर्ण कळला नव्हता, हे पुढं सांगते.

सोमवारी मी साहेबांना फोन लावला आणि सरळ सांगितलं, "सर, मी सकाळची मीटिंग बंद करतेय. माणसं कढईजवळ पाहिजेत, बाकड्यावर नाही. राठोडांचं नाव राहू द्या."

साहेब आधी फणकारले. मग, "ठीक आहे. तुम्ही शिकलेल्या आहात. पण माल कुठं बिघडला तर राठोड घरी, आणि त्यांच्यामागं तुम्ही."

मी 'हो' म्हटलं. पंचविशीच्या आत 'हो' म्हणायला काही लागत नाही.

मग काय दिवस होते ते! आज त्या दिवसांकडं बघते तर सगळे पिवळे दिसतात. पहाटे कढया चढायच्या. सुधाकरदादा गाणी म्हणत जाळ घालायचा, दुसरा गप्प राहून घालायचा. एकाला हळद सकाळी पसरायला आवडायची, एकाला दुपार उतरल्यावर. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. वाळायला घातलेली हळद उन्हात हळूहळू आकसायची, टणक व्हायची, आणि वरखाली केली की सुक्या शेंगांसारखी वाजायची. माझे हात, माझी ओढणी, लुनाचं हँडल, आत्याच्या घरचा तांब्या, सगळ्याला हळद लागलेली. आत्या म्हणायची, "बाई, लग्नाआधीच किती हळद लावून घेशील?"

फाटा मात्र सुना पडला. चाचा विचारायचे, "क्या बेटी, झगडा हुआ क्या सब का?" मी हसायची. पण बाकड्यापाशी एकटीनं चहा पिताना मलाही काहीतरी हुकल्यासारखं व्हायचं. ते काय, हे आभाळानं सांगितलं.

एका दुपारी पूर्वेकडं काळं धरलं. मार्चातलं आभाळ म्हणजे हळदवाल्याच्या काळजाचा ठोका. पेढीच्या ताडपत्र्या होत्या, पण मोजक्याच, चौघांत फिरवायच्या. त्या सगळ्या त्या दिवशी सुधाकरदादाकडं. त्यानं चोरून नेल्या नव्हत्या. त्याच्याकडं माल जास्त होता, बाकीच्यांना लागत नसतील असं त्याला वाटलं, नेल्या. विचारणार कुणाला? आणि परसरामकाकांनी त्या दिवशी खळं सोडून ओढ्याकाठच्या खोलगट वावरात हळद पसरली होती, कारण तिथं वारा चांगला होता. तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आपलं आपल्याला कळतं, दुसऱ्याला काय सांगायचं!

पाऊस सुधाकरदादाकडं एक थेंब पडला नाही. काकांकडं पडला. पडून गेला, लगेच ऊनही आलं, पण खालच्या अंगाची हळद पाण्यात बसली.

सांजच्याला मी फाट्यावर पोचले तर चौघंही तिथं. कुणी बोलावलं नव्हतं. काकांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. सुधाकरदादाच्या सायकलला ताडपत्र्या बांधलेल्या, आता काय उपयोगाच्या.

"चार-चार ताडपत्र्या पांघरून झोपतो का रं तू?" काका.

"तू वढ्यात हळद पेरतो हे मला सपन पडनार व्हतं का?" सुधाकरदादा.

"सांगायला काय झालतं तुला?"

"कुनाला सांगू? मीटिंग तं ताईनं बंद केली!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चाचांनी सुद्धा भज्याचा झारा हवेत धरला. मी साहेबांशी भांडून चौघांना मोकळं केलं होतं, आणि आता तेच चौघं मला सांगत होते की आम्हाला एकमेकांचं काही कळत नाही. मला राग आला, खरं सांगते. मग काकाच खाली बसले आणि बोटानं चिखल खरवडत म्हणाले, "हजेरी नको, ताई. पर बसाया पायजे कुठंतरी."

आणि मला ओट्यावरचे आबा दिसले. मी म्हटलं, "दादा, काका, कालचं सोडा. उद्या कुठं, तेवढं सांगा."

आधी कुणाला कळलं नाही. मग एकानं सांगितलं, उद्या माझा माल वाळून निघेल, मला ताडपत्री नको. दुसरा म्हणाला, उद्या दोन कढया लावतोय, जाळाला माणूस कमी आहे. सुधाकरदादा मान खाली घालून म्हणाला, "उद्या माझ्याकडं काय न्हाई. म्या परसरामकडं येतो, भिजल्याली निवडाया." चहा निवायच्या आत सगळं ठरलं. आमच्याकडं सावडीनं काम करतात तसंच झालं, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. सावडीत कुणी कुणाला काल काय केलं विचारत नाही. उद्या कुणाकडं, एवढंच विचारतात.

साहेबांना मी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, माल भिजला आहे, वेगळा काढतोय. ते दुसऱ्या दिवशी जीपनं आले. भिजलेली हळद काळवंडली होती, ती कमी भावातच जाणार होती. ते खूप चिडले. "मी म्हटलं होतं," असं तीनदा म्हणाले. मी म्हटलं, "सर, पुन्हा भिजली तर आम्ही दोघं, राठोड आणि मी, जातो. पण सकाळी आठची मीटिंग नको. सांजची ठेवते, माझ्या पद्धतीनं." ते जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "पुन्हा भिजली तर," आणि वाक्य तसंच अर्धं ठेवून गेले.

पुन्हा आभाळ आलं. यायचंच होतं. पण आदल्या सांजेला काका म्हणाले होते, उद्या माझी हळद उघड्यावर आहे. ताडपत्र्या आभाळाच्या आधी तिथं पोचल्या होत्या. पाऊस येऊन ताडपत्रीवर वाजला आणि निघून गेला. साहेबांनी नंतर नाव कमी करायचा विषय काढला नाही. शाबासकीही दिली नाही. ती त्यांच्या स्वभावात नव्हती, आणि मला नको होती.

पण त्या हंगामातली जी सांज मी जपून ठेवली आहे, ती पावसाची नाही. सगळे जमले होते. पेंटर आमच्याच चाचांच्या पाटीवर 'हिंगोली' काढत होता. मी नेहमीसारखं विचारलं, "काका, उद्या कुठं?"

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या म्या कढईवर न्हाई, ताई."

मी चमकले. मुकादम, ट्रक, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"उद्या सविताचा पयला पेपर हाय. कळमनुरीला. तिला सोडाया जातो म्हनतो. सुटेस्तोवर भायेरच बसतो." एवढा कणखर माणूस, पण हे सांगताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. कालच्या हजेरीत हे कधी आलं असतं? आलं असतं ते फक्त गैरहजर म्हणून.

सुधाकरदादा लगेच म्हणाला, "जा की मंग! तुझी कढई म्या लावतो. पर तुझ्यासारखा वरडनार न्हाई म्या, हळद शिजली न्हाई तर तूच येऊन तिच्यावर वरडजो." सगळे हसले. चाचांनी काकांना चहाबरोबर भजी दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "बच्ची को बोलना, डरना नहीं."

सविता पास झाली. लई मार्कं नव्हती, पण घरच्या चुलीवरचं खाऊन, घरच्या दिव्याखाली बसून झाली. आता ती नांदेडला नर्स आहे.

आबा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटी शेवटी त्यांना माझी ओळख पटायची नाही, पण मी समोर दिसले की विचारायचे, "उद्या कुठं?" मी सगळं सांगायची. तेव्हा मला नीट कळलं की ते माझ्यावर नजर ठेवत नव्हते. दुसऱ्या दिवशी वावरात कुदळ मारताना त्यांना, मी कुठं असेन, हे ठाऊक असायला हवं होतं, बस्स. माणसाला मोकळं सोडणं आणि सोडून देणं यांच्यामधली जागा केवढी असते? एका ओट्याएवढी. एका बाकड्याएवढी.

परवा संध्याकाळी मी अमोलला म्हटलं, "सकाळचा एसएमएस नको. दिवेलागणीला करू दे. आणि काल काय केलं ते नको, उद्या कुठं ते लिहू दे. आधी तू लिही."

"मी, मॅडम? मला कोण विचारणार?"

"मी विचारतेय ना."

तो डोकं खाजवत गेला. बाहेर वाफेचा वास गडद झाला होता. गिरणीचा पट्टा थांबला, बायका हात-तोंड धुऊन निघाल्या, आणि मी कुलूप शोधत होते तेव्हा मोबाइल वाजला. परसरामकाका. मोबाइल आल्यापासून हळदीच्या दिवसांत ते संध्याकाळी मिस कॉल देतात. त्या सांजेला मात्र उचलेपर्यंत वाजत राहिला.

"काय काका, बरं आहे ना?"

"आमचं बराबर हाय. तुमचं सांगा." पलीकडं जाळाचा तडतड आवाज येत होता. त्यांनी अजून कढई सोडलेली नाही. मग ओट्यावर शेजारी बसून विचारावा तसा, त्यांनी आबांचा प्रश्न विचारला. "उद्या कुठं, ताई?"

आबा गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी गिरणीच्या पायरीवर खाली बसले, आणि सांगायला लागले.